दुकानाच्या काउंटरवर राजकारण बोलावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २९, कृषी पदवी, गावात स्वतःचं कृषी सेवा केंद्र. वडील एका पॅनेलचे जुने कार्यकर्ते, बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, गिऱ्हाईक दोन्ही गटांचं. "बोललो तर उधारी अडकते, गप्प बसलो तर दोन्ही डगरींवर हात ठेवणारा म्हणतात. रोजच्या जगण्यात राजकारणावर मोकळं बोलावं, की तोंडाला कुलूप लावावं?"

मी तालुका कोर्टात २७ वर्षं वकिली करतोय. दिवाणी आणि महसुली कामं जास्त, अधूनमधून खातेनिहाय चौकश्या. राजकारण हा माझा धंदा नाही, पण राजकारणाच्या बोलण्यातून जे उरतं ते माझ्या टेबलावर येतं. एक गोष्ट आधीच कबूल करतो, माझ्याकडे फक्त बिघडलेली प्रकरणं येतात. ज्यांचं वाद घालूनही नीट चाललंय ते वकिलाकडे कशाला येतील? त्यामुळे माझं म्हणणं थोडं घाबरट वाटेल. तेवढी सूट धरून वाचा.

तुमचा प्रश्न बोलण्याचा दिसतो, पण खरा प्रश्न नाड्यांचा आहे. कुणाच्या हातात तुमचं काय अडकलंय? पुण्यात कंपनीत असलेला तुमचा वर्गमित्र सोसायटीच्या गेटवर तासभर वाद घालतो आणि लिफ्टने वर जातो. त्याचा पगार भलतीकडून येतो. तुमचं तसं नाही. ऊसपट्ट्यातल्या दुकानाचं गणित मला माहीत आहे. आडसाली लावणीला नेलेल्या खताचे पैसे ऊसबिल आल्यावर, म्हणजे वर्ष उलटून गेल्यावर मिळतात. तोवर तुमचं भांडवल शंभर घरांत पसरलेलं असतं. वर खताचा आणि बियाण्याचा परवाना. एका तक्रार अर्जावर तपासणी लागते. तेव्हा "मोकळं बोलावं का" याचं उत्तर तुमच्या मित्राला एक आणि तुम्हाला दुसरं मिळणार. त्यात तुम्ही भित्रे आणि तो शूर असं काही नाही.

दुसरा फरक गावच्या आणि वरच्या राजकारणाचा. लोक दोन्हीला राजकारणच म्हणतात, पण माझ्या अनुभवात त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढवली जात नाही, पॅनेल असतात आणि पॅनेल म्हणजे बहुतेक वेळा भावकी, वाडी, जुनी देणीघेणी. २०१७ मध्ये सरपंच थेट जनतेतून आला, २०२० मध्ये ती पद्धत रद्द झाली, २०२२ मध्ये पुन्हा आली. थेट निवडीने चुरस अजून वैयक्तिक केली. आता हार-जीत पॅनेलची न राहता एका माणसाची, त्याच्या घराची होते.

एक प्रकरण सांगतो. दोन चुलत भाऊ. थोरल्याचा तीन एकर ऊस आत, आणि तिथे जायची बैलगाडीची जुनी वाट धाकट्याच्या बांधावरून. धाकटा ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि पडला. निकालाच्या संध्याकाळी हॉटेलात, दहा माणसांसमोर, थोरला म्हणाला, "आमच्या वाडीतनं तुला सव्वीस मतं. त्यातली सात तुझ्याच घरातली. बाकीची मोज." धाकटा काही बोलला नाही. चहाचे पैसे देऊन उठला. चौथ्या दिवशी सकाळी वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या.

तोडणीची टोळी आली, ट्रॅक्टर आत जाईना, टोळी पुढच्या शेतात गेली. ऊस मार्चपर्यंत उभा राहिला, वाळला, वजन गेलं. आम्ही मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा लावला. वाट अडवल्यापासून सहा महिन्यांत लावावा लागतो, तो मुदतीत होता. स्थळपाहणी झाली, पंचनामा झाला, निकाल आमच्या बाजूने. धाकटा प्रांताकडे फेरतपासणीत गेला. सगळं मिळून अडीच वर्षं. मधे विधानसभा आली. एकाच उमेदवाराच्या प्रचाराला दोघं एकाच जीपमधून हिंडले. सुनावणीला मात्र वेगवेगळ्या एसटीने यायचे.

म्हणजे भांडण विचारांचं नव्हतंच. तेच वाक्य थोरल्याने घरच्या ओट्यावर म्हटलं असतं तर एक शिवी परत आली असती आणि विषय संपला असता. दहा माणसांसमोर म्हटलं, त्याची किंमत तीन एकर ऊस. म्हणून माझ्याकडे कुणी "काय बोलू" विचारलं की मी "कुणासमोर" असं उलट विचारतो. दिल्लीच्या, मुंबईच्या राजकारणावर तावातावाने बोललेलं लोक आठवड्यात विसरतात. गावातल्या हरलेल्या माणसाबद्दल चारचौघांत काढलेला एक शब्द त्याची नातवंडंसुद्धा लक्षात ठेवतात.

आता मताबद्दल. कुणाला मत दिलं हे सांगायची सक्ती तुमच्यावर कुणी करू शकत नाही. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ९४ प्रमाणे साक्षीच्या पिंजऱ्यात शपथेवर उभ्या असलेल्या माणसालाही ते सांगायला भाग पाडता येत नाही. चहाच्या टपरीला कोर्टापेक्षा जास्त अधिकार नाहीत. (गंमत म्हणजे २००३ पासून राज्यसभेच्या निवडणुकीत पक्षाच्या आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. मत दाखवायची पाळी त्यांच्यावर आहे, तुमच्यावर नाही.)

पण इथे एक मेख आहे आणि ती गावात सगळ्यांना ठाऊक असते. मतमोजणी यंत्रागणिक होते आणि विधानसभा-लोकसभेला कुठल्या केंद्रावर कुणाला किती मतं पडली याचा तक्ता, फॉर्म २०, जाहीर होतो. कागदी मतपत्रिका होत्या तेव्हा केंद्राकेंद्रांच्या मतपत्रिका मिसळून मोजायची सोय होती. यंत्रांसाठी तशी सोय, म्हणजे टोटलायझर, वापरावा अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली होती. ती अजून कागदावरच आहे. ग्रामपंचायतीच्या प्रभागात तर मतदार काही शेच. तुमचं मत गुप्त राहतं, तुमच्या वस्तीचं राहत नाही. निकालाच्या रात्री प्रत्येक पॅनेलच्या घरी कुणीतरी वही घेऊन बसतो आणि घरागणिक टिकमार्क करतो. तुमचं घर वडिलांच्या खात्यावर केव्हाच मांडून झालंय.

म्हणून काउंटरवर "काय, यंदा कुणाचं?" असं विचारणारा तुमचं मत विचारत नसतो. तो हजेरी घेत असतो. उत्तर त्याला माहीत आहे, तुम्ही ते त्याच्यासमोर म्हणता की नाही एवढंच त्याला पाहायचंय. हे एकदा कळलं की गप्प बसल्याबद्दल अपराधी वाटायचं कारण उरत नाही. मत न सांगणं हा भित्रेपणा नाही, ती हजेरी न देणं आहे.

तुमच्या पत्नींची गोष्ट वेगळी आणि इथे "परिस्थितीवर अवलंबून" वगैरे काही नाही, सरळ नियम आहेत. राज्य कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम, जिल्हा परिषदेच्या सेवकांना त्याच धर्तीचे १९६७ चे. मतदान करता येतं, पण कुणाला केलं किंवा करणार याचा संकेतही द्यायचा नाही. अंगावर, गाडीवर, घरावर निवडणूक चिन्ह लावणं म्हणजे निवडणुकीत आपलं वजन वापरणं, असं धरलं जातं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारने समाजमाध्यमांबाबत वेगळं परिपत्रक काढलं, त्यात सरकारी धोरणांवर तिथे टीका नको असंही आहे. हे योग्य की अयोग्य यावर मी बार रूममध्ये तासभर बोलू शकतो. पण नोटीस आली की तो तासभर कामाला येत नाही.

एका कारकुनाचं प्रकरण माझ्याकडे होतं. पुतण्या ग्रामपंचायतीला निवडून आला. याने मिरवणुकीत, गुलालाने माखलेला, त्याच्या खांद्यावर हात टाकलेला फोटो स्टेटसला ठेवला. खाली दोनच शब्द: "आपला माणूस". दोन तासांनी कुणीतरी सांगितलं म्हणून काढला. तोवर भावकीतल्याच एकाने स्क्रीनशॉट काढून, रंगीत प्रिंट मारून, तक्रारीसोबत कार्यालयात दिला होता. कारणे दाखवा नोटीस, जबाब, मग चौकशी. आनंद पुतण्याचा होता, पॅनेलचा नव्हता, असा आमचा बचाव. अर्धा पटला. शेवटी ठपक्यावर भागलं. दोन तासांचं स्टेटस, दीड वर्षाची फाइल. त्या काळात त्याची बदलीची विनंती तशीच पडून राहिली, तो हिशेब कुठल्या आदेशात लिहिलेला नसतो.

म्हणून पत्नींचा फोन आणि दुकानाचा फोन वेगळा असू द्या. हे हसण्यावारी नेऊ नका. एकाच फोनवरून दुकानाचे मेसेज जातात, त्याच फोनवर वडील फॉरवर्ड करतात आणि नंबर निघतो शिक्षिकेच्या नावावरचा, असं मी पाहिलंय.

लिहिण्याबद्दल थोडं. तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं पुरावा होतं. २०१२ मध्ये पालघरला एका फेसबुक पोस्टवरून दोन मुलींना अटक झाली होती, मुंबई बंदबद्दलची पोस्ट. त्यानंतर उभ्या राहिलेल्या श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षेचं कलम, रद्द केलं. तेव्हापासून "आता काहीही लिहिता येतं" असा एक गैरसमज फिरतोय. तसं नाही. भारतीय न्याय संहितेत गटागटांत तेढ लावण्याचं कलम १९६ आहे, अफवा-चिथावणीचं ३५३ आहे, बदनामीचं ३५६ आहे. माझ्या अनुभवात पुढाऱ्याच्या कामावरची टीका, कितीही तिखट असो, प्रकरण होण्यापर्यंत क्वचित जाते. त्यात जात, धर्म किंवा महापुरुष आला की मात्र रात्रीत दीडशे माणसं पोलीस ठाण्यासमोर उभी राहतात आणि मग कलम कुठलं लागतं हा दुय्यम प्रश्न होतो. दुकानाचा शेतकऱ्यांचा ग्रुप असेलच तुमचा, फवारणीचं वेळापत्रक, बाजारभाव वगैरे. त्याचं सेटिंग आजच बदला: फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकेल. दुसऱ्याने टाकलेल्या मेसेजसाठी, संगनमत नसेल तर, अॅडमिनला जबाबदार धरता येत नाही असं नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. पण तो निकाल खिशात घेऊन ठाण्यात बसण्यापेक्षा सेटिंग सोपं.

इथवर वाचून वाटेल की वकील गप्प बसायलाच सांगतोय. नाही. गप्प बसण्याचीही किंमत असते आणि ती मी भरलीय.

आधी उलटी बाजू. २००४ च्या विधानसभेला मी स्कूटरवर एका उमेदवाराचं स्टिकर लावलं होतं. हौस. महिनाभरात माझ्या सुरुवातीच्या दिवसांपासूनचा एक पक्षकार आला, चहा प्यायला, पावसाबद्दल बोलला आणि उठताना म्हणाला, "वकीलसाहेब, तेवढं एनओसी देऊन ठेवा." म्हणजे वकीलपत्र दुसऱ्याला द्यायला माझी हरकत नाही अशी सही. कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. सही केली. स्टिकर त्याच संध्याकाळी ब्लेडने खरवडलं, त्याचा चिकट डाग स्कूटर विकेपर्यंत होता.

त्यानंतर मी दुसऱ्या टोकाला गेलो. कुठेच काही बोलायचं नाही. अशात आमच्या गावात नळपाणी योजना आली. पाइपलाइन खालच्या वस्तीच्या दोनशे मीटर अलीकडे थांबली. निधी संपला म्हणे. ग्रामसभेत त्या वस्तीतली एक म्हातारी उठली, पदर खोचून बोलायला लागली. "पाणी आमच्या दारापर्यंत येताना दमतं का?" सगळे हसले. मी तिथेच होतो. सभेतला एकमेव वकील. ठेकेदाराचा भाऊ माझा पक्षकार, सरपंचाच्या गटातले दोघं माझे पक्षकार. मी हजेरीच्या रजिस्टरकडे बघत राहिलो. ती एकटी बोलली आणि बसली. पाइपलाइन पुढे जायला दीड वर्ष लागलं. मी स्वतःला तटस्थ समजत होतो. मी तटस्थ नव्हतो, मी ठेकेदाराच्या बाजूने गप्प होतो.

तेव्हापासून माझी एक रेघ आहे. माणसावर आणि पॅनेलवर मी बोलत नाही, कामावर बोलतो. आणि कामावर बोलायचं ते पारावर नाही, ग्रामसभेत. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ प्रमाणे वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. तिथे उठून "रस्त्याचं बिल निघालं, मुरूम कुठे पडला ते दाखवा" असं विचारणं हे राजकारण आहेच, पण ते तुमचं हक्काचं राजकारण आहे. इतिवृत्तात नोंद घ्यायला सांगा, सभेआधी प्रश्न लेखी दिलात तर आणखी बरं. गंमत अशी की, असं बोलणाऱ्याशी लोक भांडतात, पण त्याची उधारी सहसा बुडवत नाहीत. त्याने कुणाचा पाणउतारा केलेला नसतो. हे सगळ्या गावांत असंच चालेल याची हमी मी देत नाही. जिथे एकाच घराकडे सोसायटी, ग्रामपंचायत आणि साखर कारखान्याचं संचालकपद आहे, तिथे एकट्याने उठू नका, आधी चार घरं बरोबर घ्या. प्रकरण वाळीत टाकण्यापर्यंत गेलंच, तर २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कोकणातल्या गावकीच्या प्रकरणांत त्याचा उपयोग झालाय. पण पोलीस ठाण्यात नोंद करून घेताना चपला झिजतात, हेही सांगून ठेवतो.

आता दुकान. उधारीचं तुम्ही लिहिलंय त्यावर माझं वेगळं मत आहे. राजकारणाने उधारी बुडते असं मला फारसं दिसलेलं नाही. बुडवायचीच असते त्याला राजकारण हे निमित्त सापडतं. वहीत प्रत्येक नोंदीखाली तारीख घालून सही घ्या. मुदत कायद्याप्रमाणे मालाच्या पैशाला तीन वर्षं मिळतात, आणि ती संपण्याआधी बाकी मान्य असल्याची सही मिळाली तर त्या तारखेपासून पुन्हा तीन. वडिलांच्या मित्राकडूनही घ्या आणि विरोधी पॅनेलच्या माणसाकडूनही. सगळ्यांकडून घेतली की कुणाला टोचत नाही.

खरी परीक्षा युरियाच्या टंचाईत होते. तेव्हा तुम्ही काय बोललात हे कुणी बघत नाही, पहिली गोणी कुणाच्या टेम्पोत पडली हे सगळे बघतात. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे साठा आणि भाव फलकावर लिहायचे असतात. बहुतेक दुकानांत तो फलक कॅलेंडरखाली झाकलेला असतो. तुमचा दर्शनी लावा, रोज खडूने लिहा, आलेल्या क्रमाने माल द्या. वडिलांचा माणूस रांग मोडून आला तर त्याला सगळ्यांसमोर मागे उभं करा. एका हंगामात एवढं केलंत की वर्षभर तुम्ही कुठल्या पॅनेलचे हा प्रश्न निम्मा होतो.

आणि हजेरी घेणारा आला तर काय म्हणायचं? आमच्या बाजारपेठेत एक जुने किराणा व्यापारी होते. "शेठ, कुणाची हवा?" विचारलं की ते तराजू खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "तुमच्या बाजूला काय म्हणतात?" मग समोरचा वीस मिनिटं बोलायचा. शेठ मान डोलवायचे, मधेच "असं का?" म्हणायचे आणि पुडी बांधायचे. प्रत्येक गटाला ते आपले वाटायचे. मला हे पूर्ण पटत नाही, त्यात थोडी लबाडी आहे. पण काउंटरमागे उभं राहून यापेक्षा चांगलं उत्तर मला सुचलेलं नाही. तुम्हाला फारच खोटं वाटत असेल तर सरळ म्हणा, "दुकानात खत-बियाणं बोलू, राजकारण संध्याकाळी घरी या, चहा घेऊन बोलू." येणारे येतात. जे येतात त्यांच्याशी मोकळं बोला, तिथे दहा माणसं ऐकत नसतात.

शेवटी तुम्ही एक ओळ जाता जाता लिहिलीत, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. वडिलांचा फोटो असलेला पॅनेलचा बॅनर दुकानाच्या शटरवर आहे आणि दुकानाच्या वरच तुम्ही राहता. म्हणजे एका जिल्हा परिषद शिक्षिकेच्या राहत्या घरावर चिन्हासकट बॅनर आहे, आणि त्याखालून दोन्ही पॅनेलचे शेतकरी खत न्यायला येतात. तो आजच उतरवा. वडिलांना हवा असेल तर शेतातल्या घरावर लावू दे. ते रागावले तर माझं नाव सांगा, वकिलाने नोटीस येईल म्हटलंय म्हणून सांगा. घरात मुलाचं ऐकलं जात नाही, नोटीस म्हटलं की ऐकतात.